आधी शिवायचं नसतं

६ जानेवारी, सोमवार

पाचला उठलो. दूध तापवलं, चहा केला. नितीन पहिल्या पाळीला शिरोलीच्या कारखान्यात गेला. तनूची अंघोळ, दप्तर, वेण्या. एक वेणी वर, एक खाली. ती आरशात बघून म्हणाली, "राहू दे आबा, रिबिनीत झाकतंय."

सूनबाईंना आठवा लागला. काल डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहायचं नाही, जिना नाही, वजन नाही. मागच्या वेळचं लक्षात घेता डॉक्टर धोका पत्करायला तयार नाहीत. म्हणजे आजपासून अर्चना कॉटवर आणि स्वयंपाकघर माझ्याकडे. पोळ्या शेजारच्या शकूआक्का लाटून देणार. भात, आमटी, भाजी मला येते.

अवघड आहे तो तनूचा डबा. शाळेने पाकिटातलं सगळं बंद केलं आहे. बुधवारी आणि शुक्रवारी कोरडा खाऊ, तोही घरी केलेला. बाकीच्या मुली लाडू-चिवडा नेतात. आमच्याकडे सुलभाने ओव्हन आणून वेगळी सवय लावून ठेवली. कणकेचा केक, नाचणीची बिस्किटं, पाव. ती गेल्यावर अर्चना करायची. आता मी.

सुलभाला जाऊन गुरुवारी चार महिने.

७ जानेवारी, मंगळवार

सुलभाची खाऊची वही काढली. केक : कणीक दोन वाट्या, गूळ पाऊण वाटी, तेल अर्धी वाटी. कोणती वाटी ते लिहिलेलं नाही. घरात सात प्रकारच्या वाट्या आहेत. अर्चनाला विचारलं.

"आई हाताला येईल ती घ्यायच्या, आप्पा."

छत्तीस वर्षं फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडी साचे केले. अर्ध्या मिलिमीटरला उत्तर द्यावं लागायचं. इथे हाताला येईल ती वाटी.

समासात तिच्या अक्षरात – "तनू – वेलदोडा नको. खडा लागला की थुंकते."

संध्याकाळी नाचणीची बिस्किटं लावली. उद्यासाठी.

८ जानेवारी, बुधवार

बिस्किटं डब्यात मावली नाहीत.

डबा मी मोजून घेतला होता. त्या मापाने बिस्किटं कापली आणि वर आटण्याची सूट दिली. सवय. धातू ओतला की थंड होताना आटतो, म्हणून साचा कायम थोडा मोठा करायचा. बिस्किट आटत नाही, पसरतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकाला एक चिकटून सगळ्याची एकच लादी झाली. सुरीने तोडून तुकडे भरले.

शकूआक्का पोळ्या घेऊन आल्या होत्या. "अवो भावजी, फौंड्रीचं काम हाय व्हय ते? पीठ हाय की! सुली म्हणायचीच, आमचं मालक लाकडाला बी इचारून रंधा मारत्यात."

अर्चना कॉटवर पोट धरून हसली. मग एकदम गप्प झाली. हसल्यावर ती हल्ली अशीच गप्प होते. पोटावर हात ठेवून थांबते. आत हललं की मग पुढे बोलते.

तनू शाळेतून आली. डबा रिकामा. "तुकडे होते म्हणून बरं झालं. वाटायला सोपे."

९ जानेवारी, गुरुवार

चार महिने. सकाळी बुद्धवंदना घेतली. मी आणि तनू. अर्चनाने पडल्या पडल्या म्हटली. नितीन पाळीवर.

दिवसभर विशेष काही नाही. तिची चप्पल अजून दाराशी आहे. नितीनने उचलली नाही, मीही नाही.

११ जानेवारी, शनिवार

दुपारी अर्चनाने हाक मारली. "बसा की आप्पा जरा." बसलो.

म्हणाली, "बाळासाठी आईंच्या साड्यांचं दुपटं करायचं आहे. तुम्ही शिवाल? मला बसवत नाही."

शिवणकाम मला येत नाही, म्हणालो. "टाके सरळ आले की झालं, तुमच्या रेघा सरळ असतात."

मग विचारलं, आत्ताच? बाळ आल्यावर नको का? आमच्या भागात बाळ हातात आल्याशिवाय त्याची चिंधीसुद्धा शिवत नाहीत. आम्ही बौद्ध, हे मानायला नको. पण बायका पाळतात.

तिने हे ऐकायची तयारी ठेवलीच होती. "मागच्या वेळी पाळलं की सगळं. झबलं नाही, टोपी नाही, एक लंगोट आणला नव्हता. आई म्हणाल्या आधी काही करू नको, मी नाही केलं. काय उपयोग झाला? या वेळी मला सगळं आधी करायचं आहे. भीत बसायचं नाही."

तिचा आवाज मोठा नव्हता. मी हो म्हणालो.

सुलभा गल्लीतल्या प्रत्येक बाळाला दुपटं शिवून द्यायची. बाराव्या दिवशी नेऊन द्यायची. दोन वर्षांपूर्वी एकदम बंद केलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणाली. मी चष्म्याचा नंबर बदलून आणला होता. तरी शिवलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

साड्यांसाठी तिची ट्रंक उघडली. वर नेसायच्या, खाली जुन्या. त्याखाली उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक दुपटं.

नवं. कधी धुतलेलं नाही. हात-सव्वा हाताचं. हिरवे-तांबडे तुकडे, मधे एक निळा, फुलाफुलांचा. चारी बाजू शिवून पूर्ण. एका कोपऱ्यात बोटाला काहीतरी कडक लागलं. दाबलं तर आत चुरा झाला.

भाकरी. सुलभाच्या माहेरची रीत. वाकळ असो की दुपटं, शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा एवढासा तुकडा घालायचा. पोट भरायचं म्हणतात त्याला. पांघरणारा उपाशी राहू नये म्हणून. कोपरा भरला म्हणजे काम संपलं. मी चेष्टा करायचो, उंदीर येतील म्हणून.

कोणासाठी हे कळायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वीचं. त्या मुलीचं.

आणि मग मी काय बोललो होतो तेही आठवलं. विसरलो होतो म्हणण्यापेक्षा, दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ती म्हणत होती, आधी शिवायचं नसतं. मी हसलो. "आपल्यात हे चालत नाही सुलभा. थंडीत बाळ येणार, कापड आधी तयार नको? शिव बिनधास्त." ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून हं." अर्चनाला सांगणार नव्हती. बाळ आल्यावर एकदम पुढे करणार होती.

नऊ महिने भरले होते. पोटातच गेली. नितीन आणि मी दोघंच घेऊन गेलो. दवाखान्याच्या हिरव्या कापडात होती. हे दुपटं तेव्हा घरात, या ट्रंकेत.

परत अभ्र्यात घालून ठेवलं. अर्चनाने विचारलं, "मिळाल्या साड्या?" मिळाल्या, म्हणालो.

१३ जानेवारी, सोमवार

ती म्हणते, मागच्या वेळी काहीच केलं नव्हतं. त्याच्यावर तिचा सगळा धीर उभा आहे. आणि ते खरं नाही.

सांगायचं की नाही? आठवा महिना. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास नको.

नाही सांगायचं.

१५ जानेवारी, बुधवार

केक फुगला. मधे थोडा बसला. शाळेत बाईंनी तुकडा घेतला म्हणे. "तुझ्या आज्जीनं केला का?" असं विचारलं. तनूने सांगितलं, "आज्जी वारली. आबानं केला." बाईंना माहीत नव्हतं.

तनू हे सगळं सांगताना पेन्सिलीला टोक करत होती.

१८ जानेवारी, शनिवार

साड्या अर्चनापुढे मांडल्या. तिने तीन निवडल्या. अस्तराला पांढरी, सुलभा वंदनेला नेसायची ती. मी ती बाजूला ठेवून दुसरी पुढे केली. तिने परत पांढरीच ओढली. "मऊ आहे आप्पा."

कापड आधी भिजवून वाळवायला निघालो, आटलं तर टाके सुरकुततील. ती म्हणाली, "जेवढं आटायचं तेवढं आटून झालंय. वीस वर्षं धुतलेल्या साड्या आहेत."

कात्री लावताना हात थांबला. तिच्यासमोर थांबून राहणं बरं दिसेना. कापलं.

तुकडे मात्र एकसारखे झाले. कागदावर आधी आखून घेतलं होतं. थर एकावर एक घालून कच्चे टाके मारून ठेवले. अर्चना म्हणाली, नकाशा वाटतोय.

२२ जानेवारी, बुधवार

पाव केला. वरून दगड, आतून कच्चा. तनूला पोळी-गूळ दिला. कोरडा खाऊ नाही म्हणून शाळेच्या डायरीत शेरा. मी सही केली.

दुपटं : पहिली बाजू पूर्ण. टाका धरायला चार दिवस गेले. सुई बोटात जाते. पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडला. लगेच थंड पाण्याने धुतला. अर्चनाला दिसू दिला नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी दिसू दिला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

बाहेर कट्ट्यावर उन्हात शिवत बसलो होतो. इतके दिवस आतच शिवायचो. शकूआक्का पापड वाळत घालायला आल्या. बघून हसल्या आधी. "आता बांगड्या भरा की भावजी." मग विचारलं, कुणासाठी. मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातलं कापड धरलं. "न्हाई. बंद करा. याकदा झालं तेवढं बास झालं."

काय झालं, विचारलं.

त्यांनी कापड सोडलं. मग दाराकडे बघून हळू आवाजात बोलल्या. "सुलीनं मागल्या टायमाला शिवल्यालं. ठावं न्हाई तुमास्नी? पोरगी गेली त्या दिशी माझ्या दारात येऊन बसली. माझ्या हातानं झालं शकू म्हणली. मी म्हणलं येडी हाईस का. तर न्हाई, माझ्याच हातानं. त्यानंतर सुई धरली का तिनं कवा?"

डोळ्यांना दिसत नव्हतं तिला, मी म्हणालो.

"डोळ्याला काय झाल्तं तिच्या? तांदळातला खडा लांबनं दिसायचा. तुमास्नी सांगू नको म्हणली हुती. त्यास्नी वाटंल, मी त्यांच्यावर ढकलतीया."

आत आलो. पाणी प्यालो.

मी नंबर बदलून आणला तेव्हा ती तो चष्मा घालून बसली होती. दिसतंय का, विचारलं. दिसतंय म्हणाली. दोन वर्षं चुकीच्या नंबरचा चष्मा घातला तिने. माझ्यासाठी.

२६ जानेवारी, रविवार

तनूचं झेंडावंदन. मी नेलं. कवायतीत ती तिसऱ्या ओळीत. परत येताना जिलेबी घेतली.

दुपट्याला हात लावला नाही.

२९ जानेवारी, बुधवार

पाव जमला. खरोखर जमला. पीठ ओव्हनच्या वरच्या उबेला ठेवायचं हे वहीत नव्हतं, अर्चनाला आठवलं. तनूने शाळेतून येऊन सांगितलं, सगळ्यांनी मागितला. घरात पावाचा वास होता. दुपारभर राहिला. मला तो नको झाला. खिडक्या उघडल्या.

अर्चना विचारते, दुपटं का थांबलं. बोट दुखतंय, म्हणालो.

एकदा डोळे, एकदा बोट. आमच्या घरात कोणी काय होतंय ते सांगत नाही, अवयव सांगतात.

३१ जानेवारी, शुक्रवार

परत शिवायला घेतलं. ती रोज विचारते. न शिवणं म्हणजे सांगितल्यासारखंच आहे. दुसरी बाजू पूर्ण. शकूआक्का पोळ्या ठेवून जातात, बोलत नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

तनूने ट्रंक उघडली. बाहुलीला पांघरूण पाहिजे म्हणून. मी भाजी आणायला गेलो होतो. आलो तर बाहुली त्या दुपट्यात गुंडाळलेली, अर्चनाच्या कॉटवर, तिच्या शेजारी.

तनू म्हणाली, "आबा, हे कुणाचं?"

तुझंच, लहानपणचं, म्हणालो. पिशवी खाली ठेवायची राहिली.

अर्चना म्हणाली, "तनूचं पिवळं होतं. अजून कपाटात आहे."

तिने बाहुली बाजूला काढली. दुपटं हातात घेतलं. मधला निळा तुकडा बघितला. फुलाफुलांचा. बोट फिरवलं. मला तेव्हा कळलं. तो तिच्याच गाऊनचा होता. मागच्या खेपेला सातव्या-आठव्यात घालायची तो. फाटला म्हणून तिने सुलभाला पुसायला दिला असणार.

दुपटं उशीखाली ठेवलं. तनूला म्हणाली, खेळायला जा. मला म्हणाली, भाजी निवडून ठेवा आप्पा, पालेभाजी कोमेजते.

२ फेब्रुवारी, रविवार

बोलली नाही. जेवली. नितीन घरी होता. त्याने विचारलं, काही दुखतंय का. नाही म्हणाली. दुपटं उशीखाली आहे. कोपरा बाहेर दिसतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

तसंच. तपासणीला नितीन घेऊन गेला. ठोके चांगले आहेत म्हणाले. रक्तदाब थोडा वाढलेला. मी विचारलं, किती. नितीन म्हणाला, "थोडा म्हणाले की आप्पा."

माझ्यामुळे वाढला असेल का, असा विचार आला. मग वाटलं, हाच तो विचार. सुलभा याच्यासोबत दोन वर्षं राहिली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उद्याचा केक. कणीक, गूळ, तेल. स्टीलची मोठी वाटी पक्की केली आहे.

बाकी काही नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

तनू शाळेत गेल्यावर अर्चनाने बोलावलं. जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवतो.

"आईंनी शिवलं होतं ना?"

हो.

"तुम्हाला माहीत होतं? मी अकरा तारखेला म्हणाले तेव्हा?"

तेव्हा नव्हतं लक्षात. दुसऱ्या दिवशी सापडलं. पण अर्चना, शिव म्हणून मीच सांगितलं होतं. ती नको म्हणत होती. मी आग्रह केला.

ती बघत राहिली. मी शकूआक्का म्हणाल्या तेही सांगितलं. माझ्या हातानं झालं, ते. एकदा सुरू केल्यावर ठेवलं नाही काही.

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर सुटलो असतो.

मग म्हणाली, "दवाखान्यातून आले तेव्हापासून आई माझ्याकडे बघून बोलायच्या नाहीत. ताट ठेवायच्या आणि जायच्या. मला वाटायचं, मला दोष देतात. मी जिना जास्त चढले, मी उपाशी राहिले, असं काहीतरी. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर नीट जेवले नाही आप्पा. आणि त्या गेल्या."

तिने उशीखालून दिसणारा दुपट्याचा कोपरा धरला.

"त्यांना वाटत होतं त्यांनी केलं. मला वाटत होतं मी केलं. एकाच स्वयंपाकघरात."

नंतर तोंड भिंतीकडे करून पडली. मी उठलो. केकचं भांडं घासायचं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अर्चनाने नितीनला सांगितलं असावं. संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी हे घरात होतं तर..." मला कळलं. गुंडाळायला तरी झालं असतं.

कप घेऊन आत गेला. मोरीत बराच वेळ पाणी सोडून उभा होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बिस्किटं चांगली झाली. डब्यात मावली, वर बोटभर जागा राहिली. तनू म्हणाली, आज एकही तुकडा नव्हता, वाटताना भांडण झालं.

दुपटं बाजूला ठेवलं आहे. शिवू का नको ते विचारायचं धाडस नाही. तीही काही म्हणत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी अर्चना म्हणाली, "आणा ते इकडे. माझ्यासमोर बसून शिवा."

बसलो. ती कुशीवर पडून बघत होती. मधेच म्हणाली, "त्यांचे टाके बारीक आहेत तुमच्यापेक्षा." जुनं उशीखालून काढून शेजारी धरलं. खरंच बारीक. तांदळाएवढे. माझे गव्हाएवढे.

विचारलं, भीती वाटते का. "वाटते. आधी नव्हती, आता वाटते." मग बंद करतो, म्हणालो. तर म्हणाली, "बंद केलं तर ते आईंच्या हातानं झालं असंच ठरेल."

मी सुई खाली ठेवली होती, ती परत उचलली. तिसरी बाजू निम्मी झाली. शकूआक्का पोळ्या घेऊन दारात आल्या, आम्हाला बघितलं, पोळ्या ठेवल्या, आत येऊन कॉटच्या पायाशी बसल्या. मला म्हणाल्या, "दोरा किती लांब घेतलाय भावजी, पतंग उडवायचाय व्हय?" दोरा तोडून दिला त्यांनी. पण टाका घातला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पाच महिने. वंदना घेतली. नितीन घरी होता. चौघंही.

तिसरी बाजू पूर्ण. एक बाजू आणि कोपरा राहिला. तीन-चार आठवडे आहेत अजून असं डॉक्टर म्हणतात.

सुलभाशी बोलायचं असतं तर काय बोललो असतो, याचा विचार केला. चष्म्याचं विचारलं असतं. दुसरं मला सुचत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेदहाला अर्चना म्हणाली, हालचाल कमी वाटतेय. काल संध्याकाळपासून. बोलली नव्हती. मी गोड दूध दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. अर्धा तास थांबलो. मोजत होतो. मग नितीनला कारखान्यात फोन. तो येईपर्यंत शकूआक्कांनी पिशवी भरली.

दारात रिक्षा. अर्चना एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरली. शकूआक्का काही पुटपुटत होत्या. रिक्षात बसायच्या आधी अर्चना थांबली.

"आप्पा, ते पुरं करू नका अजून." मग म्हणाली, "आणि उसवूही नका."

हो, म्हणालो. नितीनने हात धरून आत बसवलं.

दुपारी नितीनचा फोन. ठेवून घेतलंय. ठोके लागतायत पण कमी-जास्त होतायत. यंत्र लावलं आहे. संध्याकाळी परत फोन. उद्या सकाळपर्यंत बघणार, नाहीतर ऑपरेशन. मी विचारलं, अर्चना बोलते का. "बोलती. तनूच्या डब्याचं विचारती."

तनूला सांगितलं, आई डॉक्टरांकडे राहणार. तिने विचारलं, मागच्यासारखं? तिला आठवतंय हे मला माहीत नव्हतं. तेव्हा पाच वर्षांची होती. माहीत नाही, म्हणालो. खोटं सांगायला नको वाटलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, मग शकूआक्कांकडे जेवायला गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाचला उठलो. केक काल लावला नव्हता. तनूला गुळाची पोळी दिली. शाळेच्या डायरीत मीच लिहिलं – घरी अडचण आहे. वेण्या जवळजवळ एकसारख्या आल्या. तिला शाळेत सोडून आलो.

पावणेनऊला नितीनचा फोन. आत नेलं. एवढंच बोलला. पाठीमागे कोणीतरी नावं पुकारत होतं. फोन बंद झाला.

शकूआक्का दवाखान्यात गेल्या आहेत. मला थांबा म्हणाल्या, तनूला आणायला कोणीतरी पाहिजे.

नऊ वाजले. सव्वानऊ. झाडलं. ओव्हन आतून पुसला. अर्चनाची गादी झटकून चादर बदलली. उशीखाली जुनं दुपटं नव्हतं. ट्रंकेतही नाही. पिशवीत भरलं गेलं असावं. शकूआक्कांनी, की तिने स्वतः, माहीत नाही. मी शिवतोय ते चौथ्या बाजूला उघडं, सुई टोचलेली तशीच. त्याला हात लावला नाही.

दहा वाजत आले. फोन नाही. मी करायचा नाही असं ठरलं आहे.

डबा उघडून तांदूळ काढले. किती जण जेवायला असतील ते कळेना. नेहमीएवढेच घेतले. परात घेऊन दाराशी उजेडात बसलो, फोन शेजारी ठेवला, आणि निवडायला लागलो.